गंगापूर रोडवरचं थाई जेवण

प्रिय ओम,

फोनवर हा विषय काढला की तू हसून टाळतोस, म्हणून लिहिते आहे. मेथीची काढणी संपली. आईचा गुडघा आता बरा आहे, पण तुझं नाव निघालं की ती उठून आत जाते.

पगार वाढला म्हणून तू नानांना आणि मला गंगापूर रोडच्या त्या थाई हॉटेलात नेलंस. पुण्यात तू दर शनिवारी असंच काहीबाही खातोस, याचं नानांना केवढं कौतुक! मखमलाबादपासून गाडीत ते तेच बोलत होते. तुझे मित्र रोहित आणि संतोष आधीच येऊन बसले होते. हिरवी करी आली तेव्हा नानांनी वाटीतलं पान उचलून वास घेतला. "ही तर आपल्या तुळशीची बहीण दिसतीय," म्हणाले. गळ्यात माळ घातल्यापासून ते अंड्यालाही शिवलेले नाहीत, हे तुला ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारून घेतलं, "भाजीचंच हाय ना रे?" तू म्हणालास, "हो नाना, बिनधास्त खा."

त्यांनी खाल्लं. परत मागून खाल्लं. "लय भारी. प्रतिभा, हे शिकून घे," म्हणाले. रोहितने फोन त्यांच्या तोंडासमोर कशाला धरलाय, ते मला कळेना. वाटी रिकामी झाली आणि तू सांगितलंस, "नाना, यात माशाचं पाणी असतं. मासे आंबवून काढलेलं. गेली तुमची माळ!" तिघंही टेबल बडवत हसलात.

नानांनी बेसिनपाशी जाऊन घशात बोटं घातली. तो आवाज तुम्हालाही ऐकू येत होता. परत आले, तोंड पुसलं आणि हात जोडून म्हणाले, "जेवा पोरांनो, मी भायेर थांबतो." संतोष पुन्हा हसला. तू त्याला गप्प केलं नाहीस.

त्याच रात्री त्यांनी माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. रोहितचा व्हिडिओ गावात पोहोचायला वेळ लागला नाही. भजनात पखवाज नानांचा असायचा. आता भजनाच्या वेळी ते मळ्यात जाऊन बसतात आणि टाळांचा आवाज कानावर येऊ नये म्हणून विहिरीवरची मोटार चालू ठेवतात.

परवा रंगनाथबुवा घरी आले. फसवून खाऊ घातलं त्यात तुमचा दोष नाही, म्हणाले. येत्या एकादशीला देवळात ते नानांना पुन्हा माळ घालणार आहेत. नानांचा एकच हट्ट आहे, तेव्हा ओम शेजारी पाहिजे. "माझंच पोरगं हाय, चेष्टा केली. त्याला लिही, मी रागावलो नाय."

लिहिलं. आता माझं ऐक. येऊ नकोस. नाना देवळाच्या दारात तुझी वाट बघत थांबतील, तेव्हा मीच त्यांना सांगेन की ओमला कळवलं होतं, पण असल्या गोष्टींना वेळ नाही म्हणाला. त्यांना ते लगेच खरं वाटेल.

तुझीच,
प्रतिभाताई