चौदा भोकं आणि सिमेंटचा पत्रा

लोअर परळ, रविवार

आदरणीय बकुळाताईस,

धाकट्या शामूचा सविनय जयभीम. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? इथे सगळे धडधाकट आहेत, असं डॉक्टर म्हणाले. आता डॉक्टर मध्येच कुठून आले, ते सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला रागावतेस. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

तुला ठाऊकच आहे, आपली रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मोरीत वाफ कोंडते, बाळाला न्हाऊ घालताना त्रास नको, म्हणून तिथे पंखा बसवायचं मी मनावर घेतलं. तुझी भावजय म्हणाली, कारागीर बोलवा. मी म्हटलं, गिरणीत एकवीस वर्षं कापड विणायचे साचे चालवलेल्या माणसाने एका पंख्यासाठी कारागीर बोलवायचा? (मला बघूनच साचे बंद पडायचे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.) मोरीची मागची भिंत पत्र्याची, माझ्याच हातची. त्यावर ताट उपडं धरून पेन्सिलीने गोल काढला आणि ड्रिलने भोकं पाडायला घेतली. पांढरी भुकटी डोक्यावर, मिशीवर, चहाच्या कपात. सहाव्या भोकाला शेजारचा दीपक डोकावला आणि ऐकणारा मिळाला की माझं काय होतं ते तू लहानपणापासून सोसलंयस. वाचनालयात ॲस्बेस्टॉसवरचा लेख वाचला होता, तो त्याला ऐकवला. फार घातक, त्याची बारीक कुसळं फुप्फुसात जाऊन बसतात, चुकूनही भोक पाडू नये वगैरे. ड्रिल चालूच. दीपकने विचारलं, "काका, मग हा पत्रा?" म्हटलं, "खुळा की काय तू? हा सिमेंटचा पत्रा!" आणि ठसक्यात सातवं भोक पाडलं.

ताई, तूच सांग, उभा जन्म आपण त्याला सिमेंटचा पत्राच म्हणत आलो ना? दुकानदारही तेच म्हणायचा. चौदाव्या भोकाला सिद्धार्थ कामावरून आला. (आपला मुलगा बांधकाम कंपनीत सुरक्षा बघतो. लोकांची.) दारातूनच ओरडला, "बाबा, बंद करा! जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसच घालायचे!" मी ड्रिल बंद केलं आणि, अक्कल बघ, श्वासही बंद केला, जणू आत गेलेलं तेवढ्याने बाहेर येणार होतं. तेवढ्यात तुझी भावजय केरसुणी घेऊन आली. "आई, झाडू नको, धूळ उडेल!" केर काढताना तिला थांबवणारा अजून जन्मला नव्हता. ती थांबली आणि मग मला खरी भीती वाटली.

सिद्धार्थने मास्क लावून सगळं ओल्या फडक्याने टिपलं, फडकी पिशवीत बांधली, भोकांना चिकटपट्टी लावली, मोरीला कुलूप ठोकलं आणि एक कपचा तपासायला दिला. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाच्या धुळीने घाबरू नका, पुन्हा मात्र हात लावू नका. अंघोळीला आम्ही दीपककडे जातो. तो रोज गंभीरपणे विचारतो, "काका, टॉवेलसाठी एक खिळा ठोकू का?"

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं गं. पण रुपाली फोनवर म्हणाली, "बाबा, मी सासरीच राहते." तिच्या आईने चार महिने दुपटी शिवलीत. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढलं की कुकरला सांगते, "यांना म्हणावं, बसा."

तुझा,
शामू

ता. क. – पाकीट चिकटवताना निकाल कळला. ॲस्बेस्टॉसच. जाणकार माणसं येऊन पत्रा न फोडता अख्खा उतरवणार. पंधरा दिवस तरी मोडतील.

आणखी ता. क. – रुपाली आत्याकडे राहायला राजी आहे. आत्याला विचारायला वेळ नव्हता, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता तिच्या आईच्याच हाती दिलंय. म्हणजे तू हे वाचतेयस तेव्हा दोघी अँटॉप हिलला तुझ्या दारात उभ्या आहेत. उरलेलं नंतर वाच, आधी पोरीला खुर्ची दे.

शेवटचं – मी खाली गेटपाशी बॅगा घेऊन उभा आहे. वर येऊ का, हे तुझ्या भावजयीला तूच विचार. नको म्हणाली तरी चालेल. पण कुकरला न सांगता म्हणाली, तर तेवढं गॅलरीतून मला ओरडून कळव.