मागच्या भिंतीवरील मॉस आणि डोमाजींचे पाणी

मी, कृष्णकांत वामनराव पांढरीपांडे, वय ७४, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धीचा दाखला सावंगीच्या डॉक्टरांनी दिला आहे. पत्नी शरयू हिला तो मान्य नाही.

१. घर व बँकेतील ठेव शरयूला. तिच्यानंतर घर मुलाला, साकेतला.

२. हातभिंग मुलगी ऋचा हिला. सूक्ष्मदर्शक शाळेचा आहे, तपासायला म्हणून घरी आणला तो राहिलाच. परत करावा.

३. मागच्या भिंतीला साकेतने टाइल्स लावू नयेत. तिच्यावर मॉस आहे. घरात सगळे त्याला शेवाळ म्हणतात. शेजारी डोमाजी कोहळे यांच्या पत्र्याचे पाणी त्या भिंतीवरून माझ्या अंगणात येई, म्हणून २००४ साली मी भांडून वर सिमेंटची कड चढवली. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आणि मॉसला बोंडे, म्हणजे देठावरच्या बीजाणूंच्या कुप्या, येणेही बंद. मी शरयूच्या खराट्याला दोष दिला. ती म्हणाली, "माह्या खराट्यावर काऊन घसरता? पाणी तुम्हीच अडवलं ना!" तुला विज्ञान कळत नाही, असे मी तिला सुनावले.

४. यंदा श्रावणात माकडांनी कड थोडी फोडली. पाणी आले आणि दिवाळीला तिथेच बोंडे आली. भिंगातून पाहिले, तर माझ्याकडची सगळी रोपे मादी. नर शोधायला एकवीस वर्षांनी डोमाजींच्या दारी गेलो. ते म्हणाले, "मास्तर, शेवाळ पाहाले आले का? अगोदर चहा घ्या." नर सगळे त्यांच्या बाजूला होते. नरपेशी पाण्यातून पोहत अंडपेशीकडे जाते, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले आणि तिची वाट स्वतःच बुजवली. शरयू, चुकले माझे. तोंडाने म्हणवत नाही, म्हणून लेखी देतो.

५. बोंडाचा देठ जन्मभर आईच्या अंगावर उभा राहून तिचेच खातो. साकेतने हे स्वतःवर ओढून घेऊ नये. बोंडातले बीजाणू उडून कोणाच्या भिंतीवर पडतील, त्यावर माझा हक्क नाही.

६. उरलेली कड मी फोडणारच आहे. पण माझ्या कामाचा वेग घरच्यांना ठाऊक आहे. राहिल्यास तेरवीच्या आत फोडावी.

आर्वी, १४ डिसेंबर २०२५
(सही) कृष्णकांत वा. पांढरीपांडे

साक्षीदार:
(सही) रूपराव चौधरी
(सही) डोमाजी कोहळे

टीप: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून डोमाजींना काही दिलेले नाही. पाणी त्यांचेच आहे.