नंबराला दिलेलं गोत्र

प्रिय विजू,

सरस्वतीपुरम ते हूटगळ्ळी सिटी बसनं अर्धा तास, आणि मी तुला पत्र घालतेय! फोन तू उचलणार नाहीस. सहा वर्षं मीच तुझा उचलला नाही, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करू? एवढंच कर, फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच.

माझ्या मानेचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, चार महिने झाले त्याला. चाळीस वर्षं शाळेच्या वह्या तपासल्या, त्याचं हे बक्षीस. दोन मणक्यांमधली चकती झिजली आणि हातातून वाटीसुद्धा निसटायला लागली. डॉक्टर सहना म्हणाल्या, चकती काढून तिथं हाडाचा तुकडा बसवू, स्क्रूनं घट्ट करू, मग दोन्ही मणके हळूहळू एकजीव होतील. हाड माझ्याच कमरेतून काढता आलं असतं, पण ते ठिसूळ, शिवाय तिथलं दुखणं वेगळं. कृत्रिमही मिळतं म्हणे. त्यांचा कौल मात्र कुणीतरी दान केलेल्या हाडाला.

यावर तुझ्या सोवळ्यातल्या थोरल्या बहिणीनं काय विचारावं? त्या माणसाचं गोत्र काय! हॉटेलातली कॉफी न पिणारी मी, दुसऱ्याचं हाड बरं चालेल! डॉक्टरांनी हसू दाबलं आणि सांगितलं, पाकिटावर फक्त नंबर असतो.

पुढं ऐक. हाड बसलं, हात सुधारला, आणि मला त्या अनोळखी जीवाची माया वाटायला लागली. महालयात तुझे भावोजी तर्पणाला बसले, तेव्हा हट्टानं त्याच्यासाठीही तिळपाणी सोडायला लावलं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं, असं पुरोहितांनी सांगितलं. मी समाधानानं पायस वाढलं. पुढच्या तपासणीत हे कौतुकानं डॉक्टरांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, दाता हयातही असेल की! खुब्याचा सांधा बदलताना निघालेलं हाडही लोक देतात. म्हणजे कुठंतरी कुणी नव्या खुब्यावर ऐटीत फिरतंय आणि आम्ही त्याला तिळपाणी देऊन बसलो! तुझे भावोजी दोन दिवस माझ्यावर फुगून होते. मी मारुतीच्या देवळात जाऊन त्या नंबराला दीर्घायुष्य मागून आले.

हसलास ना? आता जे लिहायला बसले ते लिहिते. आईचे डोळे आणि पायांची हाडं तू दान केलीस, तेव्हा श्रीरंगपट्टणच्या घाटावर अस्थी सोडताना मी सगळ्यांदेखत म्हटलं, तू अर्ध्याच आईला पाण्यात सोडतोयस. तिचीच इच्छा होती म्हणालास, तर तुला खोटारडा म्हटलं. विजू, आईनं ते आधी मला सांगितलं होतं. आम्ही दोघी उडदाचे हप्पळ लाटत होतो. अभद्र बोलू नकोस म्हणून मी तिला गप्प केलं, म्हणून ती तुझ्याकडे आली. तू खरं बोलतोयस हे मला त्या घाटावरच ठाऊक होतं. आईचं हाडही असंच कुणाला तरी उभं करून गेलं असेल, हे मात्र आत्ता कळलं. मला माफ कर. सोमवारी तिचं श्राद्ध आहे, मला तुझ्या घरी यायचंय. खड्ड्यांतून रिक्षा नको म्हणतात डॉक्टर. गाडी घेऊन येशील? सकाळी सातपासून फाटकात उभी असेन. मान अजून फारशी वळत नाही, तेव्हा समोरूनच ये.

तुझीच,
अंबुजाक्का