संत निकोलांच्या मिरवणुकीमुळे लागलेल्या गैरहजेरीबाबत

दिनांक : २१ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. मनुष्यबळ अधिकारी,
मुख्य कार्यालय, दोहा.

विषय : दि. १० व ११ सप्टेंबर रोजी इटलीत लागलेल्या गैरहजेरीचा खुलासा.
संदर्भ : आपला दि. १७ सप्टेंबरचा ईमेल व त्यानंतरचा फोन.

महोदय,

माझा इंग्रजी खुलासा वाचून काही कळले नाही, सरळ मराठीत लिहून द्या, असे आपण फोनवर सांगितले. त्यानुसार सविनय लिहिते.

१. आपल्या गॅस प्रकल्पाच्या बारा व्हॉल्व्हची तपासणी करण्यासाठी मला इटलीतल्या एका लहान गावी पाठवण्यात आले होते. बुधवारी सकाळी कारखान्यावर गेले, तर फाटकाला कुलूप. गावाचे रक्षक संत निकोला यांच्या उत्सवाची दोन दिवस सुट्टी होती. माझे परतीचे विमान गुरुवारी संध्याकाळचे होते.

२. चाचणीचे यंत्र चालवणारे फोरमन रेनातो यांना शोधत मी चौकात गेले. ते सापडले, पण संतांच्या मूर्तीखाली. मूर्ती खांद्यावर घेणाऱ्या सोळा जणांत ते पुढे डावीकडे होते. मूर्ती देवळात परतेपर्यंत खांदा सोडता येत नाही, असे त्यांनी सांगितल्याने मी शेजारून चालू लागले. एका आजींनी माझी फाइल काढून घेऊन हातात मेणबत्ती दिली, शिवाय संतांच्या नावाचे छोटे पाव खाऊ घातले. बँड जोरात होता. दर वळणावर मी रेनातोंना उद्याचे विचारत होते आणि ते बघू म्हणत होते.

३. एका घरासमोर मूर्ती थांबली. वरच्या खिडकीत रेनातोंच्या वडिलांना उशा लावून बसवले होते. पूर्वी तेही खांदा देत. दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळले आहेत. रेनातोंना मान वळवता येत नव्हती. त्यांनी मला विचारले, "बाबांनी हात वर केला का?"

हात अर्धाच वर आला होता. मी म्हणाले, "करताहेत. थोडं थांबा."

सोळाही जण थांबले. हात कपाळापर्यंत पोचल्यावर मी तसे सांगितले, तेव्हा मूर्ती हलली. उद्याचे विचारायचे त्यानंतर माझ्या लक्षातच राहिले नाही.

४. रात्री रेनातोंनी आपणहून निरोप पाठवला आणि गुरुवारी सकाळी सुट्टी असूनही कारखाना उघडला. त्यांचा खांदा सुजला होता, म्हणून यंत्राचा दांडा मी ओढला. बाराही व्हॉल्व्ह तपासून मी विमान गाठले. फाटकावर कोणी नसल्याने माझी नोंद झाली नाही, एवढेच.

तरी गुरुवार हा कामाचा दिवस धरावा, ही विनंती. दोन्ही दिवस वार्षिक रजेतून गेल्यास नोव्हेंबरमध्ये नाशिकला बहीण नुपूरच्या हळदीला मी पोचणार नाही. एकच दिवस गेला, तर फक्त मेंदी हुकेल.

बुधवारही कामाचा दाखवावा, असे आपल्या कार्यालयातील तसनीम यांनी आपुलकीने सुचवले. परंतु मला तसे लिहवत नाही. इतका आनंद मला कामावर कधी झालेला नाही. तो दिवस रजेतच धरावा. नुपूरला कळवले आहे. ती थोडी रुसली आणि मग तिने मिरवणुकीचे फोटो मागितले.

आपली नम्र,
ज्ञानदा कोरगावकर
तपासणी अभियंता
(मुक्काम : अल नस्र, दोहा)

सोबत :
१. बारा व्हॉल्व्हचे प्रमाणपत्र.
२. रेनातो यांचे गुरुवारच्या कामाबद्दलचे पत्र.
३. मेणबत्तीसह माझा फोटो (आपण मागितलेला नाही).