लवंडरचं तेल आणि पोचूचा डोंगा

मुलचेरा

ती. रीताबाईच्या पायावर लहान भाऊ मुखरूचं डोकं.

आम्ही सारे इथी ठीक. तुहा गुडघा काय म्हणते? भाऊजीची साखर उतरली असल तर कळव. चढली असल तर नको कळवू, मले झोप येत नाई. (फोन काऊन नाई केला म्हणशील. आमचा टॉवर पावसाळ्यात सुट्टीवर असते.)

तू मन शांत ठेवाले पुण्याहून पाठवलेली तेलाची शिशी पोचली. तिच्यावर लव्हेंडर लिहून आहे, पण गावात कोणी तसं म्हणत नाई. हुंगलं का माणूस लवंडते म्हणून लवंडर, असा सगळ्याईचा समज. तुले तर माहीतच आहे, मले पाण्याचं भेव. आन् उर्वशीचं सासर भामरागडच्या पलीकडे, नदीच्या त्या काठाले. पोरगी दिली तेव्हा उन्हाळा होता, नदीत नुसती वाळू दिसली. (सोयरीक पावसाळ्यात पाहावी, हे मले आता समजलं.) औंदा रस्ता तुटला, म्हणून तिले बाळंतपणाले आणता आलं नाई. तिकडेच पोरगा झाला. बारशाचा सांगावा आला तसं मी म्हणलं, नदीले पूर असल. तुही भावजय गुणाबाई म्हणे, “पाणी उतरून राह्यलं. नातवाचं तोंड पाहाचं हाय का नाई?”

पाहाचं तर होतंच. तू रुमालावर दोन थेंब टाकाले सांगतलं होतं. पण बाई, दोन थेंब पुण्याच्या काळजीले पुरत असतील, ही नदी होती. मी अख्खी शिशी दुपट्ट्यावर रिकामी केली. एसटीत कंडक्टरनं मले शेवटच्या सीटवर बसवलं, आन् खिडकी उघडाले लावली.

डोंगेवाला पोचू दुरूनच म्हणे, “भाऊ, कोनाचं लगन हाय का?” आम्ही दोघं डोंग्यात बसलो, आन् बुधरी नावाची एक बाई बकरी घेऊन बसली. मी डोळे मिटून लंबे श्वास घेत होतो. मले काहीच फरक पडला नाई. बाकीच्याईले मात्र चांगलाच पडला. बकरी खाली बसली. बुधरी पेंगाले लागली. मधात डोंगा वल्हवाचा आवाज बंद झाला म्हणून डोळे उघडले, तर पोचू वल्हं मांडीवर घेऊन आभाळाकडे पाहत बसलेला.

“पोचू, काऊन थांबला?”

“वास चांगला हाय भाऊ. जाऊ ना, काई घाई हाय?”

आन् डोंगा आपल्या मनानं चाललेला! मी पोचूच्या गळ्यात पडलो आन् जोरात बोंबललो. त्यानं बकरी उठली, बुधरी उठली, शेवटी पोचूही उठला. आम्ही गावाच्या बरंच खाली काठाले लागलो आन् चिखल तुडवत बारशाले पोचलो.

विहीणबाईनं नातू माह्या हातात देला. त्यानं दुपट्ट्याचा वास घेतला, एक शिंक देली, आन् असा रडाले लागला का दुपट्टा अंगणात नेऊन वाळू घालेपर्यंत थांबला नाई. तेव्हा पटलं, पोरगा माह्यावरच गेला. मले लय बरं वाटलं.

भाऊजीले नमस्कार.

तुहा,
मुखरू

ता. क. हे पत्र गुणाबाईनं वाचलं. खरं लिहा म्हणते. मी बोंबललो तेव्हा डोंगा रेतीत अडकून होता, आन् ती खाली उतरली तर पाणी तिच्या गुडघ्याएवढं होतं. पण नदी ते नदीच.

आणखी एक. आता ती वावरात गेली म्हणून लिहितो. आणखी एक शिशी पाठव. मले नाई पाहिजे. पुढच्या महिन्यात उर्वशी लेकराले घेऊन त्याच डोंग्यातून माहेरी येणार आहे. गुणाबाई जन्मात कधी कशाले भेली नाई, पण नातू मांडीवर घेतल्यापासून रोज सकाळी रेडिओवर पाण्याची बातमी आयकते, आन् चहावर साय धरते तरी तिले कळत नाई. पार्सलवर नाव माहंच टाक. भेव मलेच वाटते, असं तिले वाटू दे.