यंदा मला का गाळलंस

शिरूर
१४ मे २००३

प्रिय ज्ञानू,

यंदा यात्रेत तुझी हजेरी झकास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी तुझा फड उभा राहतो तेव्हा गाव लोटतं ते नाच बघायला नाही, तू कुणाची किती खेचतोस ते ऐकायला. सोसायटीच्या चेअरमनला तू म्हणालास, ‘हे मयतीला गेले तरी हार दिसला की मान पुढं करत्यात.’ चेअरमन पोट धरून हसले आणि दिवसभर तेच दहा जणांना सांगत फिरले. ज्ञानू सोंगाड्यानं ज्याला धुतलं तो गावात मोठा, हे आता ठरूनच गेलंय. पहिल्या रांगेत सातवी खुर्ची माझी. सहाव्यापर्यंत आलास, माझ्याकडं बघितलंस, तोंड उघडलंस आणि वळून ढोलकीवाल्याकडं पाणी मागितलंस. मग एकदम आठव्या खुर्चीवर गेलास. बारा वर्षांत पहिल्यांदा.

लोकांना वाटलं, विसरला. पण माईक माझा होता. तुझा अडकलेला श्वास मला स्पीकरमधून ऐकू आला.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत गणपतीपुढं तू पहिल्यांदा उभा राहिलास, तेव्हा मी सायकलला एक भोंगा बांधून भाड्यानं देत फिरायचो. तू गार्डसाहेबांना म्हणालास की लाल झेंडी हरवली तरी चालंल, ह्यांच्या मिशीला बघून गाडी थांबती. तुझ्या गँगमन बापानं सगळ्यांदेखत तुझ्या कानाखाली काढली आणि गार्डसाहेबांनीच उठून तुझ्या खांद्यावर टॉवेल घातला. त्या दिवशी तुला तुझा धंदा कळला. मग फड, मग कॅसेटी. एसटीत, रसवंतीवर, सगळीकडं तुझंच तोंड. पण तुझ्या तोंडाला खाऊ कोण पुरवायचं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. स्पीकर टांगायला मी आदल्या दिवशी गावात जायचो. वायर ओढणाऱ्या माणसादेखत लोक काहीही बोलतात. कोण सुनेला भितो, कुणाचे दात नवे, सगळं ऐकून मी तुझ्या कानात ओतायचो.

तुझा नेमही मलाच माहीत. ज्या घरातलं माणूस जायला टेकलंय, त्या माणसावर जीभ चालवायची न्हाई. सात वर्षांमागं पोपटराव पाटील रुसले होते, मला का गाळलं म्हणून. जून लागायच्या आत त्यांचा दहावा झाला. ते जायला टेकल्याची बातमी त्यांच्या घरच्यांनी त्यांनाही सांगितली नव्हती. तुला मी दिली होती.

मग माझी कुणी दिली?

महिन्यापूर्वी आमची साळूबाई तिच्या बहिणीला भेटायला म्हणून दौंडला गेली. त्याच आठवड्यात तुझा तंबू तिथं होता. बहीण परवा भेटली, तर म्हणते, ‘दाजी, आक्का दिवाळीपासून आलीच न्हाई.’ पुण्याच्या डॉक्टरनं मला वजन करायला बाहेर पाठवलं आणि माझ्या पोराशी, विश्वजीतशी, इंग्रजीत बोलला. माझं वजन तर आत आल्या आल्याच केलं होतं. पोटात साधा अल्सर आहे म्हणतात, पण फाईल कपाटावर गोधड्यांखाली कशाला? मी घरात शिरलो की टीव्हीचा आवाज वाढतो. तीस वर्षं माझ्याशी भांडणारी बाई आता मी म्हणेन ते रांधते. काल मुद्दाम म्हणालो, कालवण खारट झालंय. तर पदर डोळ्याला लावून आत गेली. कालवण आळणी होतं रे.

आयुष्यभर लोकांची कुजबुज ऐकून मी पोट भरलं. आता घरात माझीच कुजबुज चाललीय आणि माझ्याकडं कुणी बघत नाही.

येत्या रविवारी दौंडच्या मैदानावर तुझा दुपारचा खेळ आहे. मी पहिल्या रांगेत असेन. घरचे मायेपोटी खोटं बोलतील, डॉक्टर इंग्रजीत बोलेल. माझ्याशी कधी गोड बोलला नाही असा माणूस जगात तू एकटा, म्हणून हे तुला लिहितोय. खेळाआधी मला राहुटीत बोलव आणि साळूनं काय सांगितलं ते सरळ सांग. तिला कळू देणार नाही. तिला वाटू दे की मला काही ठाऊक नाही, तेवढाच तिला आधार.

आणि ते खरं निघालं, तरी स्टेजवर आल्यावर नेम मोड. दरवर्षीचंच म्हण: ‘ह्या हौसरावाला शेजारच्या गावातली कुजबुज ऐकू येती, फक्त बायकोनं हाक मारली की बहिरा.’ साळूला शेजारी बसवेन. तिला हसू दे. मी गेल्यावर गोड बोलायला सगळं गाव आहे. तू आत्ताच सुरुवात करू नकोस.

तुझाच, सातव्या खुर्चीतला,
हौसराव भोंगेवाला