आबांच्या पाठीमागच्या उशा

माय, तुला जाऊन तेरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहितोय. आठवीनंतर माझं लिहिणं म्हणजे ट्रकवर होतो तेव्हा मालाच्या बिल्टीवर सही, तेवढंच. आबांच्या व्यायामाचा कागद मिळालाय, त्याच्या मागची बाजू कोरी आहे, म्हणून.

आबांना न्यूमोनिया झाला. धुळ्याच्या दवाखान्यात सव्वा महिना आयसीयू, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी. मी सुरतेत होतो, सोडून आलो. तिथली नोकरी बरी होती, खिडकीतून तापी दिसायची, पण ते जाऊ दे. डॉक्टर म्हणाले, वाचले. मला वाटलं, झालं, आता गाडी करायची आणि घरी रावेरकडं निघायचं. पण खांद्यावर केळीचा घड घेऊन बांधावरून पळणारा माणूस चमचा उचलू शकत नव्हता. व्यायाम घेणारी ताई शिंदखेड्याची, माझ्याच वयाची. तिनं सांगितलं, इतके दिवस पडून राहिलं की मांस झडतं, छातीसुद्धा थकते. बसणं, उभं राहणं, सगळं परत शिकवावं लागतं. स्वतः उभे राहिले की घरी न्या. आदल्याच दिवशी नळी निघाली होती, भोकावरच्या पट्टीवर बोट दाबलं की आवाज फुटायचा; तसं दाबून आबांनी मला विचारलं होतं, "मी असाच राहीन का रे?" मी चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या अकलेनं कामाला लागलो. घड भरला की केळ कलते, मग आपण काय करतो? आबांना बसवलं, पाठीला दोन उशा, बगलेत एकेक, आणि गमछ्यानं खाटेच्या गजाला बांधून टाकलं. ताई आली, बघत राहिली.

"हे काय केलं, भाऊ?"

"टेकू दिला."

"आबा केळ आहेत का?"

आबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

"काढा सगळं. पाठीला काहीच काम ठेवलं नाही तुम्ही. आणि हात लावायचा नाही."

उशा निघाल्या. आबा खाटेच्या कडेला, पाय खाली, वाऱ्यात डुलल्यासारखे. ताई वीसपर्यंत मोजते. आबांच्या कपाळावर घाम, जसा भर उन्हात कापणीला यायचा. नुसतं बसण्याचा.

तेव्हा मला आपली तांबडी गाय आठवली. मी सात वर्षांचा, वासरू नुकतंच जन्मलंय, ओलं, चार पाय चारीकडं. मी धावतो आणि तू माझ्या मनगटावर चापट मारतेस. "हात नको लावू त्याले. उठीन ते." ते पडतं, पुन्हा पडतं. मला रडू येतं आणि तू तिथंच बसून राहतेस, काहीच करत नाहीस. मला तू फार कठोर वाटली होतीस.

आज सकाळी, उशा काढल्यापासून सोळाव्या दिवशी, आबा उठले. ताईचा हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर होता, पण सैल. पायांच्या काड्या थरथरत होत्या. आधी गुडघे, मग कंबर, मग पाठ, एकेक करून सगळं वर येत गेलं, आणि आबा माझ्याएवढे झाले. मी एवढा हिंडलो, कन्याकुमारीचा समुद्र पाहिला, बर्फ पाहिला. असं काही पाहिलं नव्हतं. माझे दोन्ही हात खिशात होते, मुठी आवळलेल्या.

आबांनी गळ्यावर बोट ठेवलं. "काय पाहून राह्यला? चहा सांग."

हा कागद उद्या घरी जाताना पिशवीत राहील, तुझ्यापर्यंत कुठून येणार. पण एक सांगायचं राहून गेलंय. त्या दिवशी तू गायीला गूळपाणी आणायला आत गेलीस, तेव्हा मी वासराला मागून उचललं होतं. तू बाहेर आलीस, ते उभं होतं, आणि आपल्या मनानं उठलं म्हणून तू गल्लीभर सांगत फिरलीस.

आबांना मात्र मी हात लावला नाही.